एक मनोरा आणि हितसंबंधित व्यक्ती

उंच वस्तूंविषयी माझं मत पहिल्यापासून फारसं चांगलं नाही. याचं एक कारण म्हणजे माझी स्वतःची उंची पाच फूट तीन इंच आहे. दुसरं कारण असं, की उंच काही दिसलं रे दिसलं की आपल्या लोकांना त्याच्यावर चढायची जी खुमखुमी येते, ती मला जन्मात कधी आली नाही. शाळेची सहल दौलताबादला गेली तेव्हा सगळा वर्ग किल्ला चढत होता आणि मी खाली चांदमिनाराच्या सावलीत सगळ्यांचे डबे सांभाळत बसलो होतो. नंतर एका डब्यात एक गुळपोळी कमी भरली, पण त्यात माझी भूक होती, पराक्रम नव्हता.

असा मी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, एका खेड्यातल्या चर्चचा घंटेचा मनोरा पाहायला मोटारीने तीन देशांतून जाईन, असं कुणा ज्योतिषाने सांगितलं असतं तर मी त्याच्याकडून दक्षिणा परत घेतली असती. पण गेलो खरा. आणि सांगतो, माझ्यासारख्याला जगात यापेक्षा सोयीचा मनोरा मिळायचा नाही. त्याच्यावर चढता येत नाही. उन्हाळ्यात त्याच्या जवळही जाता येत नाही. तो तळ्यात उभा आहे. काठावर बसावं, मनोऱ्याकडे बघावं आणि घरी यावं.

झालं असं. आमचे चिरंजीव म्युनिकला असतात. दर दोन वर्षांनी ते आम्हां उभयतांना उन्हाळ्यात तिकडे नेतात. पहिला आठवडा राजवाडे आणि बागा दाखवण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात ट्रामचं तिकीट कसं काढायचं ते शिकवलं जातं. याचा अर्थ, आता तुमचं तुम्ही फिरा. तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. त्या तिसऱ्या आठवड्यात सूनबाईंनी आमच्यापुढे हजार तुकड्यांचं एक चित्रकोडं आणून ठेवलं. लहान मुलांपुढे ठेवतात तसंच, आणि त्याच हेतूने.

खोक्यावर चित्र होतं. मागे डोंगर, वर निळं आभाळ, खाली निळं पाणी आणि त्या पाण्यात, स्टेशनवर कुणी बॅग विसरून जावं तसा, एकटाच एक दगडी मनोरा. चौकोनी, उभट, डोक्यावर टोकदार छप्पर. आजूबाजूला ना पूल, ना बेट, ना पायरी.

आमच्या घरात कामाच्या वाटण्या जशा होतात तशीच हीही झाली. मनोरा हिने घेतला, पाणी माझ्याकडे आलं. मनोऱ्याचा प्रत्येक तुकडा वेगळा. कुठे कमान, कुठे दगड, कुठे सावली. पाण्याचे तुकडे मात्र चारशेच्या वर, आणि सगळे जुळ्या भावांसारखे. तीस वर्षं धरणाच्या कामावर पगार खाल्ला त्याचा हिशेब पाणी अशा रीतीने चुकता करील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाच्या आत हिचा मनोरा उभा राहिला. माझा तोवर वीतभर ओहोळ झाला होता.

मनोरा पुरा झाल्यावर ही बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, हे बुडालेलं गाव आहे."

"कशावरून?" मी म्हणालो. "शोभेला बांधला असेल पाण्यात. या लोकांना हौस असते."

"घंटेचा मनोरा आहे ना हा? मग घंटा ऐकायला माणसं नकोत? का मासे ऐकणार होते? मनोरा आहे म्हणजे गाव होतं. दिसत नाही म्हणजे खाली आहे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ही काही पहिली वेळ नव्हती. संध्याकाळी चिरंजीवांनी शोधून, वाचून दाखवलं, तर ही म्हणाली तेच निघालं. इटलीच्या अगदी उत्तरेच्या कोपऱ्यात, दक्षिण टिरोल प्रांतात, ग्राऊन नावाचं एक खेडं होतं. १९५० साली ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. चर्चचा मनोरा तेवढा वर राहिला.

"मला बघायचाय," ही म्हणाली.

आता, या बाईने 'मला अमुक बघायचंय' असं म्हटल्याचं मला आठवत नाही. आग्र्याला ताजमहालाच्या दारात उभं राहून हिने विचारलं होतं, "आत बसायला आहे का?" त्यामुळे चिरंजीवांनीही वाद घातला नाही. त्याने फक्त येत्या शनिवारी मोटार काढली.

पण इथे थोडं मागे जायला हवं. नाहीतर नुसत्या चित्रातल्या मनोऱ्यावरून आमच्या हिला एवढं सगळं कळलं कसं, असं तुम्हांला वाटेल.

१९७३ साली मी बावीस वर्षांचा, भूसंपादनाच्या कामावर नुकताच लागलेला कारकून होतो. धरणाचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रात धरणं पुष्कळ आहेत, आणि कारकून त्याहून पुष्कळ. माझं काम म्हणजे एसटीने आणि पुढे सायकलने गावोगाव जाऊन नोटिसा बजावायच्या. तेव्हा १८९४ चा, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा, भूसंपादन कायदा होता. त्यातल्या कलम चारची नोटीस म्हणजे 'तुमची जमीन आम्हांला हवीशी वाटते आहे'. कलम नऊची नोटीस म्हणजे 'आता घेतोच आहोत. पैशांबद्दल काही म्हणायचं असेल तर येऊन म्हणा'. ह्या नोटिसा मराठीत असत. निदान आमचं तसं म्हणणं होतं. पण ती 'ज्याअर्थी'ने सुरू झाली की 'त्याअर्थी'पर्यंत पोचता पोचता ऐकणाऱ्याच्या चिलमीतला विस्तव विझून जायचा.

एका गावात पारावर उभं राहून मी अशीच नोटीस वाचली. कुणाला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. तेवढ्यात सतरा-अठरा वर्षांची, सातवी पास झालेली एक मुलगी पुढे आली. तिने कागद माझ्या हातातून घेतला, मनाशी वाचला आणि विचारलं, "यात 'हितसंबंधित व्यक्ती' म्हणजे कोण?"

"तुम्ही," मी म्हणालो.

"मग आमचं हित कुठं लिहिलंय?"

मी कागद उलटसुलट करून पाहिला. ते लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षांनी मी त्याच घरचा जावई झालो आणि कायद्याच्या भाषेत स्वतःच हितसंबंधित व्यक्ती बनलो. सासऱ्यांनी मुलगी मला का दिली, हे मला अजून उमगलेलं नाही. जमीन तर गेलीच होती. बहुधा त्यांना वाटलं असावं, नोटीस आणणारा घरातलाच असला तर पुढची नोटीस निदान चार दिवस आधी कळेल.

१९७६ च्या पावसाळ्यात पाणी चढलं. देव बैलगाडीतून नव्या गावठाणात गेला आणि पत्र्याच्या देवळात बसला. घंटाही गेली. दगडी देऊळ मात्र जागीच राहिलं. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तुम्ही वर्तमानपत्रात पाहिलं असेल. पाणी उतरलं की ते वर येतं आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. हिच्या माहेरचं देऊळ तसलंच, पण लहान, आणि कुणी फोटो न काढलेलं. पाऊस कमी झाला त्या उन्हाळ्यात त्याचं शिखर दिसतं. बाकीच्या बायका दिवाळीला माहेरी जातात. ही दुष्काळात जाते.

असो. आता म्युनिककडे.

शनिवारी सकाळी निघालो. जर्मनी संपून ऑस्ट्रिया कधी लागला आणि ऑस्ट्रिया संपून इटली कधी लागली ते कळलंही नाही. आपल्याकडचे जुने जकातनाके ज्यांनी अनुभवलेत, त्यांना अशी सरहद्द ओलांडताना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. डोंगर चढत चढत आपण राइशन खिंडीत पोचतो. उंची जवळजवळ पंधराशे मीटर. इथेच आडिजे नदी उगम पावते. इटलीतली लांबीने दुसरी नदी. म्हणजे आपल्या भीमाशंकरासारखंच हे ठिकाण. फक्त वडापावाची गाडी नाही.

इथली पहिली गंमत म्हणजे प्रत्येक गावाला दोन नावं. एक जर्मन, एक इटालियन. ग्राऊनचं इटालियन नाव कुरोन, राइशनचं रेसिया. हा सगळा मुलूख पूर्वी ऑस्ट्रियाचा. माणसं जर्मन बोलणारी. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहाने तो इटलीला मिळाला. मग मुसोलिनीचा अंमल आला आणि गावांची नावं बदलली, जर्मन शाळा बंद झाल्या. १९३९ साली तर हिटलर आणि मुसोलिनी यांनी आपापसांत ठरवून इथल्या लोकांना सांगितलं, की भाषा हवी असेल तर गाव सोडून जर्मनीत जा, गाव हवं असेल तर इटालियन व्हा. नावांच्या पाट्यांवरून डोकी फुटणं हा काही आपल्याच सीमाभागाचा मक्ता नव्हे, हे मला तिथे प्रथम कळलं.

ग्राऊनची माणसं शेतकरी. गुरं, गवताची कुरणं, दोन छोटी नैसर्गिक तळी आणि मध्ये गाव. विजेसाठी या तळ्यांचं पाणी थोडं उंच अडवावं ही कल्पना १९२० पासूनची होती. तेव्हा पाणी पाच मीटर चढणार होतं. पाच मीटरमध्ये गाव वाचत होतं. पुढे मोंतेकातिनी नावाच्या बड्या कंपनीकडे काम आलं आणि १९४० साली पाच मीटरचे बावीस मीटर झाले. बावीस मीटरमध्ये गाव बुडत होतं.

"आणि लोकांनी हरकत घेतली नाही?" मी विचारलं. जुनी सवय. हरकतीच्या अर्जावर मुदतीनंतरची तारीख दिसली की माझा हात अजून शिक्क्याकडे जातो.

चिरंजीव मोबाइलवर वाचत होता. म्हणाला, "बाबा, नोटीस लावली होती. पण इटालियनमध्ये. गावकऱ्यांना इटालियन येत नव्हतं."

मोटारीत जरा वेळ शांतता पसरली.

"तुमच्यासारखीच," ही मागच्या सीटवरून म्हणाली.

"आमची मराठीत होती," मी म्हणालो.

"मला ठाऊक आहे कशात होती ते. मीच वाचली होती."

चिरंजीवाने गाडीतला रेडिओ लावला. मुलगा समजूतदार आहे.

वळण घेतलं आणि तळं आलं. मोठं, लांबलचक. दोन तळी एकत्र करून सहा किलोमीटर लांबीचं एक पाणी झालेलं. दक्षिण टिरोलमधलं हे सगळ्यांत मोठं तळं आहे, असं चिरंजीव अभिमानाने म्हणाला. मी पाणीसाठा विचारला. बारा कोटी घनमीटर. मी मनातल्या मनात टीएमसी केले. सव्वाचार भरले. सव्वाचार! आमच्या उजनीत एकशे सतरा टीएमसी मावतात. सव्वाचार टीएमसीला आपल्याकडे कुणी पेपरात बातमीसुद्धा द्यायचं नाही. हे मी मोठ्याने म्हणालो. माणूस निवृत्त होतो, त्याचं खातं होत नाही.

"किती घरं गेली?" हिने विचारलं.

"एकशे त्रेसष्ट. आणि सव्वापाचशे हेक्टर शेती."

"मग पाणी कमी काय नि जास्त काय," ही म्हणाली. "घर बुडायला पुरुषभर पुरतं."

रस्त्याच्या कडेलाच मोटारी उभ्या करायची जागा आहे आणि समोर, काठापासून थोड्याच अंतरावर, तो. चित्रातल्यापेक्षा करडा, आणि चित्रातल्यापेक्षा एकटा.

आता या मनोऱ्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण उंच वस्तूंविषयीचं माझं मत त्याने थोडं बदललं. तो १३५७ सालचा आहे. म्हणजे आपल्याकडे बहमनी सुलतानी येऊन दहा वर्षं झाली होती, आणि प्रागमध्ये ज्या पुलावर आमचे चिरंजीव मागच्या खेपेला आम्हांला चालवत घेऊन गेले होते, त्या चार्ल्स पुलाचा पाया त्याच वर्षी घातला गेला. तेव्हाच्या युरोपातल्या मोठ्या शहरांत टोकदार कमानींची गॉथिक पद्धत जोरात होती. पण डोंगरात फॅशन उशिरा पोचते, आणि पोचली तरी तिला कुणी फारसं विचारत नाही. इथल्या गवंड्यांनी आपला जुना, गोल कमानीचा रोमनेस्क घाटच धरून ठेवला. आपल्याकडेही शहरात सिमेंटचे बंगले उठले तरी खेड्यातला गवंडी कोनाडा काढल्याशिवाय भिंत पुरी करत नसे, त्यातलाच प्रकार.

घडण अगदी साधी. खाली चौकोनी, भरीव, जवळजवळ आंधळ्या भिंती. वर जावं तशा खिडक्या उघडतात; दोन गोल कमानी शेजारीशेजारी आणि मध्ये बारीक खांब, अशा जोडखिडक्या. ही शोभा नव्हे, हिशेब आहे. खालच्या भिंतीला वरचा सगळा भार पेलायचा, म्हणून तिथे भोक पाडायचं नाही. वर घंटा. तिचा आवाज चारी दिशांना गेला पाहिजे, म्हणून तिथे भिंत मोकळी करायची. वर भिंत मोकळी झाली की खालचं ओझंही कमी होतं. आणि त्याच्यावर उतरतं, टोकदार छप्पर, म्हणजे बर्फ साचायला नको. पोथी न वाचलेल्या गवंड्याने केलेला हा हिशेब सहाशेहून अधिक वर्षं चुकला नाही. त्यातली पंच्याहत्तर वर्षं तर तो पाण्यात उभा आहे, आणि हिवाळ्यात बर्फात. २००९ मध्ये त्याला गेलेल्या चिरा बुजवाव्या लागल्या. पाण्यात पंच्याहत्तर वर्षं उभं राहून एवढीच दुरुस्ती म्हणजे काहीच नाही. आमच्या सोसायटीची गच्ची कोरड्यात उभी राहून दर पावसाळ्यात गळते.

गंमत म्हणजे हा मनोरा पूर्वी असा एकटा नव्हता. तो सेंट कॅथरिनच्या चर्चचा होता. त्याच्या अंगाला चर्च होतं, चर्चच्या अंगाला घरं, घरांच्या अंगाला गोठे. युद्ध संपल्यावर लोकांना वाटलं, झालं, बला टळली. तर कामाला स्विस भांडवल मिळालं आणि ते पुन्हा सुरू झालं. गावच्या आल्फ्रेड रीपर नावाच्या धर्मगुरूंनी गावकऱ्यांची बाजू घेऊन थेट रोम गाठलं आणि पोप बारावे पायस यांची भेट घेतली. पोपने ऐकून घेतलं. पण पाण्याने ऐकलं नाही. १९५० च्या जुलैत शेवटची प्रार्थना झाली. १८ जुलैला मनोऱ्यातल्या घंटा उतरवल्या. पुढच्या आठवड्याभरात चर्च पाडलं. घरं सुरुंगाने उडवली. मनोरा मात्र ऐतिहासिक वास्तू, म्हणून त्याला हात लावला नाही.

हे ऐकून मी थोडा विचारात पडलो. कायद्याच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं. १३५७ सालचा मनोरा ही ऐतिहासिक वास्तू होते. त्याच्या सावलीत राहणारी माणसं होत नाहीत, कारण एकेका माणसाचं वय जास्तीत जास्त ऐंशी भरतं. आम्हीही विहिरींची मोजणी केली होती, झाडांची केली होती. आंबा फळता, एक. चिंच, एक. बाभळी, किरकोळ. सासऱ्यांनी तेव्हा मला विचारलं होतं, "विहिरीचे पैसे लावले, ठीक. पाण्याचे कुठं लावले?" मी म्हणालो होतो, पाण्याचा रकाना नाही. ते हसले होते. म्हणाले होते, "आणि पाणी आणायलाच निघालाय होय तुम्ही."

काठावर गर्दी होती. प्रत्येकजण मनोऱ्याकडे पाठ करून, मोबाइल लांब धरून हसत होता. एक जोडपं मनोऱ्याचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो काढत होतं, आग्र्याला धरतात तसं. तळ्यात शिडाच्या होड्या होत्या. देखणं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. गावाने हाच मनोरा आणि त्याखालचं पाणी आपल्या नगरपालिकेच्या चिन्हावर घेतलंय. ज्याने बुडवलं तेच आता पाहुणे आणतं. सगळे मनोऱ्याकडे बघत होते. फक्त आमची ही पाण्याकडे बघत होती.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"रस्ता," ही म्हणाली. "देवळासमोर रस्ता असतोच. मग त्याच्या दोन्ही अंगाला घरं. या बाजूला असणार."

चिरंजीव म्हणाला, २०२१ साली दुरुस्तीसाठी तळं काही दिवस उपसलं होतं, तेव्हा खालच्या भिंती आणि पायऱ्या दिसल्या होत्या. हिने नुसती मान हलवली. हिला त्याची बातमी नव्हती. सवय होती.

मग आम्ही तिथल्या दुकानात शिरलो. मनोऱ्याची चित्रं, मनोऱ्याचे पेले, हलवलं की आत बर्फ पडतो अशा काचेच्या गोळ्यातला मनोरा. गल्ल्यावर एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या घरातली असावी. हिने फ्रीजवर चिकटवायचा एक मनोरा घेतला, पण पैसे देईना. म्हातारीकडे बघत उभी राहिली. मग बोटाने बाहेरचं पाणी दाखवलं, तेच बोट स्वतःच्या छातीला लावलं, आणि हात डोक्यावरून वर नेला. मराठीत म्हणाली, "आमचं पण."

चिरंजीव भाषांतराला पुढे सरसावला, पण त्याची गरज पडली नाही. म्हातारीने गल्ल्यावरचा चष्मा घातला, हिच्याकडे नीट पाहिलं, आणि आपला हात जमिनीपासून तीन फुटांवर धरला. म्हणजे मी एवढी होते. मग हिने तसाच हात आपल्या खांद्याशी धरला. म्हणजे मी एवढी. मग दोघी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. म्हातारीने काहीतरी जर्मनमध्ये सांगितलं, हिने काहीतरी मराठीत सांगितलं, आणि दोघींनी एकमेकींना "हो हो" म्हटल्यासारख्या माना डोलावल्या. त्या दोन नोटिसा, एक इटालियन आणि एक मराठी, कुणालाच कळल्या नव्हत्या. हे मात्र दोघींना चटकन कळलं.

चुंबकाचे पैसे म्हातारीने पुरे घेतले. धंदा तो धंदा.

बाहेर आल्यावर चिरंजीवाने सांगितलं, इथे एक आख्यायिका आहे. हिवाळ्यात तळं गोठतं, माणसं बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जातात. आणि थंडीच्या रात्री, म्हणे, मनोऱ्यातून घंटा ऐकू येतात.

"घंटा तर उतरवल्या ना?" मी म्हणालो. "दप्तरी नोंद आहे. १८ जुलै."

"म्हणूनच ऐकू येतात," ही म्हणाली.

यावरही मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या वाटेवर मी गप्प होतो. पन्नास वर्षं मी एक गोष्ट मनात धरून होतो, की हिने ती नोटीस मला कधीतरी परत करावी. भांडणात का होईना, तोंडावर मारावी. हिने कधीच मारली नाही. मोटार ऑस्ट्रियात शिरल्यावर मी म्हणालो, "मला त्या वेळी नोटीस नीट समजावून सांगता आली असती तर..."

"तर काय, पाणी थांबलं असतं?" ही म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण सांगायला हवं होतं."

पुढच्या आठवड्यात माझं पाणी पुरं झालं. नऊशे नव्याण्णव तुकडे बसले. एक सापडेना. मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी, पाण्यात, एक बोटभर भोक राहिलं आणि त्यातून खालचं लाकडी टेबल दिसत होतं. मी कॉटखाली पाहिलं, नातवाच्या खेळण्यांत पाहिलं, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवीसुद्धा उपसली. शेवटी सतरंजी उचलायला वाकलो, तर ही म्हणाली, "राहू द्या. नका शोधू. तिथं दार होतं."

मी उठून बसलो. हितसंबंधित व्यक्ती या नात्याने माझी काही हरकत नव्हती.